तिसऱ्या मजल्यावरची गुढी

“चला! पुढे चला! कोणी थांबवली पालखी?”

देवळाचे अध्यक्ष हातात भोंगा घेऊन ओरडत होते. खरं तर त्यांना भोंग्याची गरज नाही. उभा जन्म शाळेत मुख्याध्यापकी केलेला माणूस. ते डोंबिवलीत नुसते खाकरले तरी कल्याणातली पोरं दप्तरातून वह्या काढतात. त्यात भोंगा. रस्त्याच्या कडेचे दोन कुत्रे शेपूट घालून सरळ खाली बसले.

पालखी मी थांबवली होती. गुढीपाडव्याच्या सकाळी, स्वागतयात्रेच्या ऐन मध्यात, मी काठी आडवी धरून “थम!” म्हणालो आणि आमच्या मारुतीरायाची पालखी जागच्या जागी खिळली. तिच्यामागे ढोलपथक थांबलं. ढोलपथकामागे नऊवारी नेसून, फेटे बांधून मोटारसायकलवर बसलेल्या बायका थांबल्या, त्यांच्यामागे लेझीम, लेझीममागे टेम्पोवर उभा केलेला थर्माकोलचा किल्ला. मागचं शेपूट ठाकुर्लीपर्यंत गेलं होतं म्हणतात. मी कल्याणपर्यंत सांगतो, कारण ठाकुर्ली म्हटलं की कोणी डोळे मोठे करत नाही.

“सुभेदार! अहो सुभेदार, वर काय बघताय?”

मी वर आमच्या बिल्डिंगकडे बघत होतो. तीन मजले, बारा गॅलऱ्या. अकरा गॅलऱ्यांत गुढ्या उभ्या. जरीची वस्त्रं, साखरेच्या गाठी, कडुलिंब, वर चकचकीत गडू. बाराव्या गॅलरीत, तिसऱ्या मजल्यावर उजवीकडे, वाळत घातलेला एक टॉवेल. तो माझा टॉवेल आणि ती माझी गॅलरी.

आता हे सगळं नीट सांगायला पाहिजे, नाहीतर तुम्ही अध्यक्षांच्या बाजूचे व्हाल.

माझ्या लग्नाला सत्तेचाळीस वर्षं झाली. म्हणजे सत्तेचाळीस पाडवे. त्यांतल्या एकाही पाडव्याला मी माझ्या स्वतःच्या घरची गुढी उभारलेली नाही. गुढ्या उभारल्या भरपूर, देशभर उभारल्या. उंट बघायला जमले अशा वाळवंटात उभारली, नदीत नांगरलेल्या होडीवर उभारली. फक्त घरी नाही.

सुरुवातीचे पाडवे फौजेनं नेले. त्यातला एक बर्फातला. तिथे थंडी अशी, की किटलीतून चहा ओतला तर मगापर्यंत पोचेस्तोवर त्याची कांडी व्हायची आणि आम्ही चहा चावून खायचो. खोटं वाटत असेल तर माझे दात बघा, त्यातला एकही आता माझा नाही. तर त्या बर्फात मी तंबूच्या जादा खांबाला बायकोनं विणलेला लाल मफलर बांधला, साखरेचे चौकोनी खडे दोऱ्यात ओवून गाठी केल्या, आणि गडू कुठून आणणार, म्हणून वर माझा पांढरा फौजी मग पालथा घातला. आमचे कर्नलसाहेब तपासणीला आले. खूप वेळ मान वर करून बघत राहिले.

“उस्ताद, ये कौन सा झंडा है?”

“साब, घर का.”

साहेबांनी त्या मगाला कडक सॅल्यूट ठोकला. मी हे सगळं चार पानी पत्रात घरी कळवलं. सॅल्यूटवरच दीड पान होतं. पंधरा दिवसांनी बायकोचं कार्ड आलं: ‘पत्र मिळालं. इकडची मी उभारली. मफलर धुऊन घ्या.’

मग पेन्शन घेऊन डोंबिवलीत आलो. तिला वाटलं, आला बाबा एकदाचा. मलाही तसंच वाटलं होतं. पण फौजेतून आलेल्या माणसाला लोक मोकळा बसू देत नाहीत, आणि दिलं तर मी बसत नाही. वॉर्डातून अपक्ष म्हणून उभा राहिलो. एकदा निवडून आलो, दोनदा पडलो. पडलो तेव्हा जास्त कामं केली, कारण मीटिंगा नव्हत्या. एका पाडव्याला पलटणीतल्या मित्राचा दिवा गावातून फोन आला, तीन दिवस नळाला पाणी नाही, टँकर आलाय आणि मारामारी होणार आहे. गेलो. हंडे, कळश्या, बादल्या, ड्रम, सगळ्यांची ‘दाहिने सज’ करून अशी सरळ रांग लावली, की टँकरवाला खाली उतरून रांगेचा फोटो काढायला लागला आणि पाणी सोडायचं विसरला. घरी आलो तेव्हा दुपार झाली होती. गुढी उभी होती. मी म्हटलं, “छान उभारलीस.” ती म्हणाली, “दरवर्षी अशीच असते.”

दुसऱ्या एका पाडव्याला ठाण्यात खोपटच्या एसटी डेपोत ठिय्या दिला. आमच्या साताऱ्याकडच्या माणसांना गावच्या जत्रेसाठी जादा गाडी पाहिजे होती. मी इतका बोललो, की डेपोतल्या माणसांनी गाडी सोडली ती मला थांबवण्यासाठी. गाडी सुटली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि मी त्या आनंदात गाडीतच बसलो. साताऱ्यात उतरल्यावर आठवलं की मला गावाला जायचंच नव्हतं. त्या गाडीचा ड्रायव्हर पुढे रिटायर होऊन आमच्याच बिल्डिंगमध्ये राहायला आला. त्याला तेव्हापासून मी सोडलेला नाही.

शेवटी राहिला देव. आमचं मारुतीचं देऊळ लहान, पण पालखी जुनी आणि वजनदार, सागवानी. मी देवळाच्या कामात पडलो तेव्हा ती पालखी अशी निघायची, की चौघांचे चार रस्ते. एक खड्डा चुकवतोय, एक ओळखीच्या माणसाला हात करतोय. आतली उत्सवमूर्ती बघून वाटायचं, मारुतीराय आता उतरून चालत जातील. मी म्हटलं, हे चालणार नाही. मारुतीराय स्वतः पायदळातले. समुद्र ओलांडून टेहळणी करून परत येऊन रिपोर्ट देणारा तो पहिला जवान. त्याची पालखी ड्रिलवर निघाली पाहिजे.

“सुभेदार, हा देव आहे, तोफ नव्हे,” अध्यक्ष म्हणाले होते.

पण माणसं मी निवडली. दोन पायदळातले, एक खोपटचा ड्रायव्हर, आणि पुढे डाव्या खांद्याला माझा गनर. गनर म्हणजे तोफखान्यातला माझा जुना दोस्त. आयुष्यभर तोफा डागून दोन्ही कान गेलेले. त्याच्या कानाशी फटाक्यांची माळ लावली तर तो ‘डास झालेत’ म्हणेल. त्याला हुकूम ऐकू येणार कसा? म्हणून मी पद्धत बसवली. थांबायचं असेल तर मी पुढे उभा राहून काठी आडवी धरणार, ते त्याला दिसतं. निघायचं असेल तर काठी वर, आणि मागच्या ढोलपथकातल्या सगळ्यात मोठ्या ढोलावर एकच ठोका. तो ठोका गनरला छातीत कळतो. ठोका पडला की चौघांचा डावा पाय एकदम उचलणार. आणि कडक नियम असा, की ठोक्याशिवाय पालखी हलणार नाही आणि माझ्या काठीशिवाय ठोका पडणार नाही. देवळाचा अध्यक्ष असो नाहीतर राष्ट्राचा.

या नियमाचा मला केवढा अभिमान होता म्हणून सांगू! माझ्याशिवाय पालखी इंचभर पुढे जात नाही, हे मी डोंबिवलीत भेटेल त्याला सांगत असे. भाजीवाल्यालाही.

तर यंदा पाडव्याच्या आदल्या दिवशी बायको गॅलरीत उभी होती. तिनं आवाज चढवला असता तर सोपं गेलं असतं. चढलेल्या आवाजाला उत्तर देण्यात माझा जन्म गेला. ती साधं बोलली.

“यंदाची गुढी मी उभारणार नाही. काठी दाराआड आहे, धुऊन ठेवलीय. तुम्ही उभारलीत तर उभी राहील. नाहीतर राहू दे गॅलरी मोकळी.”

“अगं, पण का?”

“हात वर जात नाही माझा. खांदा धरलाय.”

“कधीपासून?”

“दिवाळीपासून.”

दिवाळीपासून! गेले पाच महिने ती केस बांधायला शेजारणीकडे जात होती, आणि मला वाटत होतं गप्पा मारायला जाते. शत्रूच्या चौकीवर कोण कधी विडी ओढतं हे मला तीन मैलांवरून कळायचं. हे घरात, एका खोलीत, कळलं नाही. मी तिथल्या तिथे शब्द दिला, “उद्या गुढी मी उभारणार. म्हणजे उभारणारच.”

अडचण एवढीच होती, की त्याच दिवशी सकाळी अध्यक्षांनाही शब्द दिला होता, पालखीचा. आता त्यांना नाही म्हणावं, तर माझ्याशिवाय पालखी निघणार कशी? म्हणून दोन्हीकडे होय ठेवलं. फौजेत याला दोन आघाड्या सांभाळणं म्हणतात. घरी याला काय म्हणतात ते मला माहीत नाही. ती तेव्हा बोलत नाही, नुसती बघते.

पण मी कच्चा गडी नव्हे. मी नकाशा मांडला. यात्रा आमच्या बिल्डिंगखालून जाते पावणेआठला. पालखी थांबवायची, जिना चढायचा, गुढी उभारायची, उतरायचं. तीन मिनिटं. घड्याळ लावून दोनदा जिना चढून बघितला. पहिल्यांदा एक मिनिट लागलं, दुसऱ्यांदा सहा, म्हणून पहिली वेळ धरली. शिवाय ती झोपल्यावर गुढीचं वस्त्र मीच काढून घडी करून ठेवलं, आमच्या पद्धतीनं. सव्वीस जानेवारीला झेंडा कसा बांधतात बघितलंय? घडी, आत फुलांच्या पाकळ्या, वर सरकगाठ. दोरीला एक झटका दिला की गाठ सुटते, झेंडा फडकतो आणि पाकळ्यांचा पाऊस. म्हटलं, सत्तेचाळीस वर्षांनी उभारायची तर साधी कशाला?

सकाळी पाचला ब्लेझर घातला, पदकं लावली, टोपी घातली.

“कुठे निघालात?”

“जरा खाली जाऊन येतो. आलोच.”

“पदकं लावून?”

मी खोकलो आणि सटकलो.

म्हणून पावणेआठला मी रस्त्यात उभा होतो, वर माझा टॉवेल, मागे कल्याणपर्यंत यात्रा आणि कानात अध्यक्ष. तिनं खरोखरच गॅलरी मोकळी ठेवली होती. मला आतून वाटत होतं, वाट बघून शेवटी शेजारणीला बोलावून उभारेल. नाही.

“दोन मिनिटांत आलो,” मी पालखीवाल्यांना म्हटलं. मोठा ढोल खाली टेकवून उभ्या असलेल्या मुलीला बजावलं, “काठी वर दिसेपर्यंत ठोका नाही.” आणि जिन्याकडे निघालो.

“सुभेदार! अहो, मागे सगळं खोळंबलंय! चला रे, उचला पाय!” अध्यक्ष भोंग्यातून.

एक पाय हलला नाही. ड्रायव्हर म्हणाला, “सर, डबल बेल मिळाल्याशिवाय गाडी हलत नाही.” गनर तर समोर बघत हसत होता, त्याला वाटलं अध्यक्ष शुभेच्छा देतायत. त्यात पालखी थांबली की ओवाळायची, अशी आमच्याकडे रीत. पालखी दारात थांबलेली बघून आजूबाजूच्या बिल्डिंगांतल्या बायका तबकं घेऊन खाली उतरल्या. जिन्यात त्या खाली आणि मी वर. पहिल्या मजल्यावर मला दोघींनी चुकून ओवाळलं. दुसऱ्या मजल्यावर गुडघ्यानं बंड केलं. मी हिमालय चढलोय, पाठीवर माझ्याइतकं ओझं घेऊन, पण हिमालयाला असा कठडा नव्हता ज्याला धरून बसावंसं वाटेल.

दार उघडंच होतं. ती खुर्चीत बसून कडुलिंबाची कोवळी पानं निवडत होती. पाटावर सगळं मांडलेलं: गडू, गाठी, हळदकुंकू, आंब्याचा डहाळा.

“आलो,” मी म्हटलं. पुढचं बोलायला श्वास नव्हता.

“बसा आधी.”

“वेळ नाही. खाली पालखी थांबवलीय.”

“देवाला थांबवलंत?”

“हो.”

तिनं पानं खाली ठेवली. उठली, आणि तिनं काठी स्वतः दाराआडून काढून माझ्या हातात दिली. मी पलंगाखाली लपवलेलं घडीचं वस्त्र बाहेर काढलं. ते तिनं ओळखलं. पहिल्या पोस्टिंगहून, आसामातून, मी तिला आणलेली रेशमी साडी.

“ही मी शोधत होते सकाळी. आणि ही असली कसली गाठ?”

“सरकगाठ. बघशील तू.” मी वस्त्र काठीच्या टोकाला लावलं, वर गडू पालथा घालून बांधला.

“गडू कशानं बांधलाय?”

“त्याच दोरीनं. एकाच दोरीत सगळं. फौजी काम आहे.”

“दोरी ओढल्यावर मग—”

पण माझ्याकडे तीन मिनिटं होती आणि त्यातली नऊ होऊन गेली होती. मी गॅलरीत गेलो, टॉवेल काढला, काठी कठड्याला आवळून बांधली, हळदकुंकू लावलं. खाली बघितलं तर सगळा रस्ता वर बघतोय. ढोल, फेटे, लेझीम, थर्माकोलचा किल्ला. मोटारसायकलवाल्या बायकांनी हॉर्न वाजवले. पालखीचे दोघे पायदळवाले न सांगता सावधान झाले. माझं छातीचं माप दोन इंच वाढलं, ब्लेझरचं बटण तुटून शेजाऱ्यांच्या गॅलरीत गेलं. ती माझ्या बाजूला येऊन उभी राहिली. मी तिचा न दुखणारा हात दोरीवर ठेवला, वर माझा हात ठेवला, आणि म्हटलं, “झटका दे.”

दिला.

साडी काय फडकली! आसामचं ते सोनेरी रेशीम असं उलगडलं, की पलीकडच्या बिल्डिंगमधल्या लोकांनी ऊन आलं म्हणून पडदे ओढले. झेंडूच्या पाकळ्या खाली अध्यक्षांच्या भोंग्यात गेल्या. आणि त्याच दोरीत बांधलेला गडूही सुटला.

तो वर उडाला, उन्हात एकदा चमकला, आणि तीन मजले उतरून थेट त्या सगळ्यात मोठ्या ढोलावर पडला.

ढम्म!

बस्स, तेवढंच. गनरला छातीत कळलं. चौघांचा डावा पाय एकदम उचलला गेला आणि पालखी निघाली. माझ्या डोळ्यांदेखत निघाली. अशी शिस्तीत, अशी एका तालात, की मूर्तीवरचा हार हलत नव्हता. त्यामागे सगळे ढोल सुरू झाले, लेझीम सुरू झालं. मी वरून काठी आडवी करून ओरडलो, “थम! थम!” पण काठी म्हणजे माझ्या हातात टॉवेल होता, आणि लोकांना वाटलं सुभेदार आनंदानं टॉवेल फिरवतायत. त्यांनीही उपरणी फिरवली.

पाच मिनिटांत रस्ता रिकामा. धावत गाठावी, तर गुडघा नाही म्हणाला.

“गडू पडला,” मी म्हटलं. समोरच्या गॅलरीतली म्हातारी तोंडावर हात ठेवून आमच्याकडे बघत होती, अपशकुन झाल्यासारखी.

“गडू पडला,” बायको तिला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाली, “गुढी उभी आहे.”

मग आत गेली. मला वाटलं दुसरा तांब्या आणेल. ती आली ती कपाटाच्या वरच्या कप्प्यातला एक पांढरा मग घेऊन. कडेला टवका उडालेला, कान वाकडा. मला वाटलं होतं तो मग केव्हाच भंगारात गेला.

“हा तुमच्या त्या साहेबांनी सॅल्यूट केलेला,” ती म्हणाली. “घाला वर. आणि यावेळी गाठ मी सांगते तशी मारा.”

मी मारली. आधी आडवी, मग उभी, मग पुन्हा आडवी. ती सांगत होती, मी करत होतो. शंभर जवानांना एकदम वळवलेला माणूस मी, पण इतक्या मुकाट्यानं मी कुणाचा हुकूम ऐकलेला मला आठवत नाही. मग आम्ही दोघांनी कडुलिंब आणि गूळ खाल्ला. कडू लागला नाही म्हणेन, तर तुम्ही हे एवढंच खोटं धराल, म्हणून सांगतो, लागला.

दुपारी श्रीखंडाच्या वेळेला अध्यक्ष आले. हातात आमचा गडू, एका बाजूनं चेपलेला. मी पाट दिला, पान वाढायला लावलं. मनात तयारी करून बसलो होतो, आता सांगतील, सुभेदार, तुम्ही नव्हतात, फार हाल झाले, पालखी भरकटली. शेवटी राहवेना.

“मग? माझ्याशिवाय पालखी कशी गेली?”

अध्यक्षांनी पुरी मोडली.

“दहा मिनिटं लवकर पोचली.”

बायकोनं पदर तोंडाला लावला. मी अध्यक्षांच्या पानात आणखी श्रीखंड वाढलं. पण मी काही एका फटक्यात पडणारा नव्हे. म्हटलं, ठीक आहे, आता पुढच्या वर्षापासून पालखी त्यांची आणि गुढी माझी. मग अध्यक्षांना गॅलरीत नेऊन गुढीवरचा मग दाखवला, बर्फ सांगितला, कर्नलसाहेबांचा सॅल्यूट सांगितला, त्यात या वेळी एक जनरलही घातला. बोलता बोलता वळून तिला म्हटलं, “खरं सांग, सत्तेचाळीस वर्षांत अशी गुढी झाली होती का? ढोल, ताशे, देव स्वतः दारात, सगळी डोंबिवली वर बघतेय! सांग ना यांना, कशी झाली?”

ती ताटं उचलत होती.

“सूर्य मावळायच्या आत उतरवायची असते,” ती म्हणाली. “कुठे जाऊ नका.”